भाजी संपली आहे, हातात वीस मिनिटं आहेत: नुसत्या डब्यांतून दुपारचं जेवण

रानजाई

घरून काम करणाऱ्यांचं दुपारचं जेवण हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. सुट्टी म्हणायला तासाभराची, पण आधीची मीटिंग लांबते, पुढची लवकर लागते आणि गॅसजवळ उभं राहायला वीसेक मिनिटंच मिळतात. सकाळची पोळी-भाजी मुलांच्या डब्यात गेलेली असते. आमच्याकडे बाजार रविवारी, त्यामुळे गुरुवारनंतर फ्रीजमध्ये कांदे, मिरच्या, आलं आणि कोथिंबिरीची सुकत चाललेली जुडी एवढंच उरतं.

अशा वेळी काय करता ते सविस्तर लिहा. अट एकच: जे काही होईल ते कोरड्या डब्यांतून व्हायला हवं. कांदा, लसूण, मिरची, लिंबू, दही-ताक चालेल. बाहेरून मागवणं नको, पाकिटातल्या शेवया नकोत. आणि जेवण झाल्यावर चार वाजता पुन्हा भूक लागता कामा नये.

सुरुवात मी करते. आमच्या घरी सगळ्यात जास्त वेळा होते ती तांदळाची उकड. दोघांना एक वाटी पीठ, दीड वाटी आंबट ताक, दीड वाटी पाणी. पीठ ताकातच कालवून घ्यायचं, गुठळी राहू द्यायची नाही. तेल जरा सढळ. मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण (भरपूर, आठ-दहा पाकळ्या), मिरची, किसलेलं आलं. त्यावर पाणी आणि मीठ. उकळी फुटली की आच कमी करून कालवलेलं पीठ ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. आधी पातळ दिसतं, मग एकदम घट्ट होतं. पांढरा पिठूळ रंग जाऊन तुकतुकी आली आणि कडा कढईपासून सुटायला लागल्या की झाकण ठेवून दोन वाफा. ताटलीत मध्ये खळगा करून कच्चं शेंगदाण्याचं तेल. पंधरा मिनिटांत जेवायला बसता येतं.

दुसरी मोकळ भाजणी. फोडणीत दोन कांदे, वाटीभर भाजणीला पाऊण वाटी ताक, मीठ-तिखट. ताक उकळलं की भाजणी वैरायची, झाकण, मंद आच, दोन-तीन वाफा, मग उलथन्याने मोकळी करायची. बरोबर दही.

यात वेळ वाचतो तो भाजणीमुळे. धान्य आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे खमंगपणासाठी काही करावंच लागत नाही. तुमच्याकडची अशी "आधीच भाजून ठेवलेली" पिठं कुठली, तेही लिहा.

मालदांडी

छान विषय, रानजाई ताई. सोलापूरकडचा शेंगदाण्याचा म्हाद्या इथे यायलाच हवा.

दाणे खरपूस भाजून कूट, पण अगदी पीठ नको, थोडा भरड. एक वाटी कुटाला पाच-सहा लसूण पाकळ्या, जिरे आणि लाल तिखट एकत्र खलबत्त्यात. तेलात जिरे-मोहरी, मग हे वाटण घालून मिनिटभर परतायचं. दीड-दोन वाट्या गरम पाणी, मीठ. मंद आचेवर उकळत ठेवलं की दाण्याचं तेल वर तवंगासारखं सुटतं. ते सुटलं की झालं. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, भाताबरोबरही जातो.

भाकरीला वेळ लागतो असं शहरातली मंडळी म्हणतात. एका माणसाच्या दोन भाकऱ्यांना दहा मिनिटं पुरतात, पीठ ताजं असेल तर. जुनं पीठ विरी जातं, भाकरी तुटते आणि मग माणूस भाकरीला दोष देतो. महिन्याचं पीठ एकदम दळून आणू नका, आठ-दहा दिवसांचंच आणा. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती मिळाली तर जरूर घेऊन बघा, भाकरी दुसऱ्या वेळेलाही मऊ राहते.

जास्वंद

उकडीला +१. माझ्याकडे असं पटकनचं म्हणजे पिठलं. बेसन पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की सात-आठ मिनिटांत तयार.

मालदांडी

जास्वंद, पिठलं कालवून केलं की चव पातळ लागते असं माझं ठाम मत आहे. पाणी उकळू द्या आणि त्यात कोरडं बेसन वैरा. एका हाताने चिमूट-चिमूट पीठ सोडायचं, दुसऱ्या हाताने हाटत राहायचं. एखादी गाठ राहिलीच तर तीही छान लागते, आत पिठाचा कोरडा खमंगपणा राहतो. घट्ट झाल्यावर फुटफुटायला लागतं तेव्हा झाकण ठेवा, नाहीतर हातावर उडतं.

जास्वंद

गाठी आमच्याकडे कुणी खात नाही :) लहान मूल आणि सासूबाई दोघांनाही गुळगुळीतच लागतं. पण बेसन आधी कोरडंच दोन मिनिटं कढईत भाजून घ्या, मग कालवा. कच्चट वास जातो आणि चव वैरलेल्या पिठल्याच्या जवळ येते. वैरायला दोन्ही हात मोकळे लागतात, माझा एक हात बहुतेक वेळा मुलीला धरलेला असतो.

मालदांडी

भाजून कालवायचं हे पटलं. उद्या करून बघतो.

आमसूल

कोकणातून हजेरी. भाजून ठेवलेली पिठं म्हटल्यावर कुळथाचं पीठ पहिलं.

कुळीथ मंद आचेवर भाजायचे, जात्यावर किंवा मिक्सरला भरडून साल पाखडायची, मग डाळ दळायची. विकतच्या पिठात पुष्कळदा सालासकट दळलेलं असतं, म्हणून ते काळपट आणि किंचित कडवट लागतं. घरचं पीठ फिकट तांबूस असतं आणि डबा उघडला की वास स्वयंपाकघरभर.

पिठी दोघांना: तीन मोठे चमचे पीठ अडीच वाट्या पाण्यात कालवून. तेलात भरपूर लसूण लाल होईपर्यंत, मोहरी, हिंग, कांदा असेल तर, हिरवी मिरची. कालवलेलं ओता, दोन-तीन आमसुलं, मीठ, असेल तर मूठभर ओलं खोबरं. उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर पीठ तळाला बसतं. गॅसवरून काढताना हवी त्याहून पातळच ठेवा, ताटात येईपर्यंत ती घट्ट होते.

एक अडचण भाताची. पिठीबरोबर आम्हाला उकड्या तांदळाचा भात लागतो आणि त्याला वीस मिनिटं पुरत नाहीत. मी सकाळी चहा ठेवतानाच तांदूळ धुऊन भिजत टाकतो. दुपारी कुकरला लावला की पिठी होईस्तोवर भात होतो. सुरय किंवा कोलम असेल तर प्रश्नच नाही.

भाताबरोबर भाजलेला पापड आणि आंब्याचं लोणचं. पावसात याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही.

सांडगा

मी पुण्यात खोली घेऊन राहतो, शिकतोय. गॅसला परवानगी नाही, फक्त राइस कुकर आणि किटली. आई मेतकूट, चटण्या, तूप पाठवते. दुपारी कॉलेजातून येऊन परत क्लासला पळायचं असतं. मेसचं जेवण सोसत नाही. मला काय करता येईल?

रानजाई

सांडगा, तुझ्याकडे मेतकूट आणि तूप आहे म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

राइस कुकरमध्ये अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, चिमूट हळद, मीठ, साडेतीन-चार वाट्या पाणी. सकाळी निघताना भिजवून ठेवू नकोस, उन्हाळ्यात पाणी आंबतं. आल्यावर धुऊन लाव. मऊ गुरगुट्या होईल. वर तूप, दोन चमचे मेतकूट, लिंबू. भांड्यातून फेस वर येतो म्हणून सुरुवातीला थेंबभर तूप आत टाक आणि कुकर निम्म्याच्या वर भरू नकोस.

जेव्हा तेवढाही वेळ नसेल तेव्हा लावलेले पोहे. पातळ पोहे दोन मुठी, त्यावर एक चमचा कच्चं तेल, मेतकूट, तिखट, मीठ, चिमूटभर साखर. हाताने नीट चोळून लावायचे म्हणजे प्रत्येक पोह्याला तेल लागतं. मग बारीक कांदा, दाणे, लिंबू. विस्तव लागतच नाही. दही घातलंस तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

सोनचाफा

सांडगा बाळा, आईला सातूचं पीठ पाठवायला सांग. गहू आणि फुटाण्याचं डाळं, थोडे जिरे, सुंठ. ताकात मीठ-जिरे घालून कालव किंवा दुधात गूळ घालून. उन्हातून आल्यावर वाटीभर सातू पोटात गेला की तरतरी येते.

आमच्या परभणीकडे येसर असतो, त्याचं कुणीच नाव काढलं नाही म्हणून लिहिते. धान्यं, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे. घरोघरी प्रमाण वेगळं. आमटीला डाळ शिजवायची गरजच राहत नाही. दोन चमचे येसर पाण्यात कालवायचा, लसणाची झणझणीत फोडणी, कालवलेलं ओतून तीन-चार उकळ्या, वर कोथिंबीर. दहा मिनिटांत आमटी, आणि तीही दाट. बाजरीची शिळी भाकरी कुस्करून खायला यासारखं दुसरं नाही. लग्नकार्यातही येसराची आमटी व्हायची, पाहुणे कितीही वाढले तरी पुरवता यायची.

आता भाजण्याबद्दल. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरीला लागणारा वेळ आणि तांदळाला लागणारा वेळ सारखा नाही. एकत्र टाकलं की एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. आच मंद. धान्याचा वास बदलला आणि दाणा दाताखाली कुटकन तुटला की उतरवायचं. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्यायचं, आणि गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच डब्यात भरून झाकण लावायचं नाही. परातीत पसरून ठेवायचं. वाफ आत कोंडली की महिन्याभरात जाळी धरते.

माझं थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण: ज्वारी एक किलो, बाजरी अर्धा किलो, तांदूळ अर्धा किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, धने शंभर ग्रॅम, जिरे पंचवीस ग्रॅम. ज्यांना एवढं नको त्यांनी सगळं चौथाई करावं. एका रविवारच्या सकाळचं काम, पुढे दोन-अडीच महिने दुपारची काळजी मिटते.

रानजाई

सोनचाफा काकू, अगदी हेच लिहायचं होतं मला. दुपारचं जेवण वीस मिनिटांत होतं कारण कुणीतरी रविवारी दोन तास कढईपुढे उभं राहिलेलं असतं. ते काम घरात एकटीवर पडू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे भाजायचं काम नवऱ्याकडे आहे, निवडायचं मुलांकडे.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या वऱ्हाडातली उकडपेंडी घ्या. गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ लागते, पोळीची बारीक कणीक घेतली की लगदा होते. फोडणीत मोहरी, जिरे, कढीपत्ता, लाल मिरच्या, दाणे, कांदा. कांदा मऊ झाला की वाटीभर पीठ टाकून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचं, सात-आठ मिनिटं तरी, इथे घाई करायची नाही. चिंचेचा कोळ आणि गूळ घातलेलं गरम पाणी, साधारण वाटीभर, थोडं थोडं शिंपडत जायचं. झाकण ठेवून वाफ. आंबट-गोड-तिखट, मोकळी आणि ओलसर. चिंच नसेल तर ताक.

मोठ्या भुकेला गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, पाण्याचा हात लावून घट्ट गोळे. भात निम्मा शिजला, पाणी वर दिसेनासं झालं की त्यावर गोळे ठेवून झाकण. वाढताना गोळा भातावर फोडायचा आणि वर हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल. सोबत कढी किंवा चिंचेचं सार. याला वीस नाही, तीस मिनिटं लागतात, पण त्यातली वीस मिनिटं आपण कढईजवळ नसतो.

भरीत

जळगावकडून शेवभाजी. जाड तिखट शेव डब्यात असतेच. कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून लसूण-आल्याबरोबर वाटायचं. तेलात वाटण, काळा मसाला, तिखट, तेल सुटेपर्यंत परतून गरम पाणी. पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं. शेव ताटात बसायच्या क्षणी टाकायची, आधी टाकली तर फुगून विरघळते आणि रस्सा पिठूळ होतो. वाटण जास्तीचं करून फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत.

आणि कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. ठेचा, कच्चा कांदा, तेल. भाजीची गरजच पडत नाही, उडदामुळे पोट पक्कं भरतं.

तिरफळ

गोव्यात या सगळ्याला पुरुमेंत म्हणतात. पावसाआधी मे महिन्यात घरात भरून ठेवायचा साठा: सुकी मासळी, आमसुलं, चिंच, मिरच्या, लोणची, कडधान्य. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी जवळजवळ नसतेच. मग डब्यातली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बाहेर येतात.

किस्मूर पाच-सात मिनिटांची. सुकी सुंगटं साफ करून, डोकी-शेपट्या काढून तव्यावर कुरकुरीत भाजायची. ओलं खोबरं, बारीक कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, मीठ हाताने कालवून घ्यायचं आणि सुंगटं हाताने चुरून शेवटी घालायची. वर थोडं कच्चं खोबरेल. गरम भात, पातळ वरण, ही किस्मूर. सुंगटं आधी घालून ठेवली तर मऊ पडतात आणि सगळी मजा जाते.

शेजाऱ्यांना वासाचा त्रास होत असेल तर महिन्याची सुंगटं एकदाच भाजून घट्ट बरणीत ठेवा. इथेही भाजून ठेवणंच कामी येतं.

हिमफूल

मी जर्मनीत स्टुटगार्टला असते. इथे डबेच आपले तारणहार आहेत, कारण रविवारी दुकानं बंद असतात. धाग्यातल्या बऱ्याच गोष्टी इथे होतात.

आंबट ताक शोधत बसू नका, इथल्या साध्या सुपरमार्केटमध्ये बटरमिल्श मिळतं. उकड आणि कढी दोन्ही त्यात सुरेख होतात, फक्त घट्ट असतं म्हणून पाणी वाढवा. तुर्की दुकानात चण्याचं पीठ मिळतं. तिथलाच बल्गर मी सांज्यासारखा करते. तो गहू आधी उकडून, वाळवून भरडलेला असतो, त्यामुळे आपल्या दलियापेक्षा लवकर शिजतो. कांदा-मिरचीची फोडणी, एकास दोन पाणी, बारा मिनिटं झाकून, वर दाण्याचा कूट आणि लिंबू.

डब्यातले शिजवलेले छोले पाण्यातून काढून धुतले की गोडा मसाला आणि चिंच-गूळ घालून दहा मिनिटांत उसळ होते. गोडा मसाला आईकडून येतो, तो मात्र इथे पैसे देऊनही मिळत नाही.

कुळीथ इथे तमिळ दुकानात मिळतात. आमसूल, भाजताना थांबायचं कधी ते कसं कळतं?

आमसूल

हिमफूल, चार दाणे काढून दाताखाली धरा. चटकन फुटून आतला भाग फिकट पिवळा आणि कोरडा दिसला की बस. रंग फार गडद होऊ देऊ नका. साल निघत नसेल तर भाजणं कमी पडलंय.

जास्वंद

मी आहारशास्त्रात काम करते, म्हणून दोन-तीन गोष्टी लिहिते.

ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं. त्यामुळे पिठलं-भाकरी, पिठी-भात, कळणा, भाजणी ही जेवणं एकमेकांची उणीव भरून काढणारी आहेत. उकड मला आवडते, पण ती मुख्यतः तांदूळच आहे. तिच्याबरोबर मूठभर भाजलेले दाणे किंवा वाटीभर दही घ्या, म्हणजे चारची भूक लांबेल.

लिंबू नुसतं चवीला नाही. धान्य-डाळींतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं. जेवल्या जेवल्या चहा घेतला की ते कमी शोषलं जातं, निदान तासभर थांबा.

दाणे निवडून घ्या. काळे पडलेले, आकसलेले, बुरशीचा वास येणारे टाकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. कूट फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर लवकर खवट होतो.

आणि फोडणीच्या भाताबद्दल: रात्रीचा भात जेवण झाल्यावर लगेच, पसरट डब्यात, फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यावरही टिकून राहतं. चव, वास काही बदलत नाही म्हणून कळतही नाही. असा भात टाकून द्या.

सांडगा

काल लावलेले पोहे केले. दही घालून. क्लास सुटेपर्यंत भूक लागली नाही. आईला सातूचा निरोप दिला, तिला खूप आनंद झाला. खूप खूप आभार, काकू आणि ताई.

मालदांडी

बेसन भाजून कालवलेलं पिठलं केलं. जास्वंद, तुमच्या पद्धतीत चव येते, आणि भरभर होतं. वैरलेलं मला तरीही जास्त आवडतं, पण घाईच्या दिवशी हे करत जाईन.

जास्वंद

वऱ्हाडी_ठेचा, गोळाभात कुकरमध्ये होईल का? पातेल्यात माझा भात खाली लागतो.

वऱ्हाडी_ठेचा

होते ना. तांदूळ परतून नेहमीसारखं पाणी घाला, कुकर उघडाच ठेवून भात निम्मा शिजू द्या. मग गोळे ठेवा, झाकण लावा, पण शिटी काढून ठेवा आणि आच अगदी बारीक करा. बारा मिनिटांनी बंद, पाच मिनिटं तसंच. शिटी लावली तर दाबाने गोळे फुटतात आणि भातात मिसळून जातात. भरडा नसेल तर हरभऱ्याची डाळ कोरडीच किंचित भाजून मिक्सरला रवाळ फिरवा, बेसन वापरू नका, गोळे चिवट होतात. गोळा लिंबाएवढाच करा, मोठा केला तर मधे कच्चा राहते.

तेल मात्र आयत्या वेळी तापवा.